सायकल, मोटार आणि मोडलेले नियम : फलटण परिसराच्या निमित्ताने एक आढावा

सायकलवाला आणि गाडीवाला यांच्या भांडणात दोन्ही बाजूंचा आरोप एकच असतो. समोरचा नियम पाळत नाही. हा आरोप दोन्हीकडून बहुतेक वेळा खरा असतो, त्यामुळे भांडण कधी निकालात निघत नाही. मोटारचालकाला राँग साइडने आलेला, हात न दाखवता वळलेला, अंधारात बत्तीशिवाय निघालेला सायकलस्वार दिसतो. सायकलस्वाराला भरधाव येऊन कट मारणारा, समोरून अप्पर लाइट मारणारा, साइडपट्टीवर गाडी लावून चहाला गेलेला चालक दिसतो. नियम कोणी मोडला आणि धोका कोणी निर्माण केला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भांडणात ते एकत्र येतात, आणि कायद्यातही ते नीट वेगळे झालेले नाहीत.

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात हा प्रश्न महाराष्ट्राच्या निमशहरी भागात जसा असतो तसाच, पण अधिक ठळक दिसतो. तालुक्याचा उत्तर भाग नीरा उजव्या कालव्यामुळे बागायती झाला आणि उसाबरोबर कारखानदारी आली. साखरवाडीचा कारखाना १९३० च्या दशकातला, फलटणचा श्रीराम सहकारी त्यानंतरचा, पुढे खासगी कारखाने वाढले. सुरवडीच्या औद्योगिक वसाहतीत कमिन्ससारखी मोठी कंपनी आली. या सगळ्यांची वाहतूक त्याच रस्त्यांवरून चालते, ज्यांवरून वस्तीवरची मुले शाळेला, शेतमजूर रानात आणि गवळी दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीला जातात. लोणंद, बारामती, सातारा, दहिवडी आणि नातेपुते या दिशांना जाणारे रस्ते शहरात येऊन मिळतात. त्या प्रत्येकावर गावाजवळचे पहिले तीन-चार किलोमीटर हे सायकलीचे अंतर असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू झाले की रस्त्याचे स्वरूप बदलते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या कारखान्याकडे रांगेने निघतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला असतो, मागचे दिवे उसाखाली झाकलेले किंवा मुळातच नसतात, आणि टेप इतक्या मोठ्याने चालू असतो की मागून वाजवलेली घंटा काय, ट्रकचा हॉर्नही चालकाला ऐकू जात नाही. अशा ट्रॉलीला ओलांडायला मागची मोटार उजवीकडे निघते आणि समोरून येणाऱ्या सायकलस्वाराने डांबर सोडून खाली उतरावे असे गृहीत धरते. उतरायचे कुठे, हा सायकलस्वाराचा प्रश्न असतो. पावसाने कड तुटलेली, डांबर आणि मातीत वीतभर फरक पडलेला, खाली ऊस सांडलेला. वेगात उतरले तर चाक घसरते आणि स्वार रस्त्याच्या बाजूला, म्हणजे मोटारीच्या दिशेने पडतो. म्हणून अनुभवी सायकलस्वार कडेपासून हात-दीड हात आत चालवतो. मागच्या चालकाला हे ‘मधून चालणे’ वाटते.

चालकांच्या तक्रारी क्षुल्लक नाहीत. शाळा सुटल्यावर चार-चार मुले गप्पा मारत शेजारी-शेजारी निघतात. डबलसीट, क्वचित ट्रिपलसीटही असते. कॅरिअरवर गवताचा भारा बांधलेली सायकल मागून ओळखूच येत नाही आणि भाऱ्यामुळे स्वाराला मान वळवून मागे पाहता येत नाही. रात्री पाळी संपवून परतणाऱ्या कामगाराच्या सायकलला दिवा नसतो. समोरच्या वाहनाच्या प्रखर झोतात ती सायकल दिसेनाशी होते आणि दिसते तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेले नसते. सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, पण रानात आणि चिखलात वापरल्या जाणाऱ्या जुन्या सायकलींवर रिफ्लेक्टर टिकत नाहीत. सायकल चुकवताना मोटारसायकल घसरून तिचा स्वार जखमी झाला, तर भरपाई मिळवणे त्याला अवघड जाते. सायकलचा विमा नसतो, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करायचा तर अपघातात मोटारवाहनाचा संबंध दाखवावा लागतो. स्वतःच्याच गाडीखेरीज दुसरे मोटारवाहन तिथे नसते.

सर्वांत जास्त वाद राँग साइडचा. दुभाजक नसलेल्या जुन्या रस्त्यावर हा प्रश्न फारसा नव्हता, रस्ता चौपदरी झाला की तो उभा राहतो. फलटणमधून जाणारा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग याचे चांगले उदाहरण आहे. दिवे घाट ते मोहोळ हा सुमारे २२१ किलोमीटरचा मार्ग चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. दुभाजक आला म्हणजे समोरासमोरच्या धडका कमी होतात, हे निर्विवाद. पण ज्याचे घर रस्त्याच्या एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला आहे, त्याला दुभाजकातील मोकळी जागा गाठायला आधी उलट दिशेला लांब जावे लागते आणि तेवढेच परत यावे लागते. मोटारीला हे दोन मिनिटांचे काम आहे. डोक्यावर ऊन आणि कॅरिअरवर ओझे असलेल्या माणसाला ते पाव तासाचे पडते, म्हणून तो कडेकडेने उलट्या दिशेने येतो. हा नियमभंग आहे आणि धोकादायकही आहे. मात्र तो कोणाच्या बेशिस्तीतून जितका येतो, त्याहून जास्त आराखड्यातून येतो. मोटारसायकलवालेही तेच करतात, आणि त्यांच्याकडे तर दमण्याची सबबही नसते.

दोन तट मात्र वाटतात तितके वेगळे नाहीत. मोठ्या शहरांत हल्ली ‘सायकलिस्ट’ हा हेल्मेट घातलेला, हौसेने किंवा तब्येतीसाठी पहाटे निघणारा वर्ग झाला आहे. फलटण, बारामती, साताऱ्यातही असे गट आता दिसतात आणि त्यांची तक्रार प्रामुख्याने वेगाने जवळून जाणाऱ्या गाड्यांची असते. पण तालुक्यातील बहुतेक सायकली गरजेच्या आहेत, आणि आज मोटारसायकल किंवा पिकअप चालवणारा बहुधा काल सायकलवर होता. त्याच्या घरातली शाळकरी पोर आजही सायकलवर असते. तरीही स्टिअरिंग हाती आले की त्याचा दृष्टिकोन बदलतो. वाहन बदलले की रस्त्यावरचा हक्कही वाढतो, ही समजूत कोणी शिकवत नाही, पण ती सर्वत्र आढळते.

सायकलला कायद्याचा धाक नव्हता असे कधीच नव्हते. स्वातंत्र्यापूर्वी आणि नंतरही काही दशके अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलला लावावा लागे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात मोटारीखेरीज इतर वाहनांवर असा कर बसवण्याची तरतूद होती. डबलसीट बसले, रात्री दिवा नसला की पोलीस अडवत. दंड भरायला पैसे नसणाऱ्याच्या चाकाची हवा सोडली जाई, ही गोष्ट त्या पिढीच्या आठवणीत पक्की आहे. या अधिकाराचा आधार मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा होता. त्याच्या कलम ३३ मध्ये रस्त्यावर वाहन हाकणारे, सायकल चालवणारे, पायी चालणारे आणि गुरे नेणारे या सर्वांचे नियमन करण्याचा अधिकार आहे. २०१२ मध्ये या कायद्याचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाले, कलम कायम राहिले. बिल्ले मात्र गेले, कारण कराचे उत्पन्न वसुलीच्या खर्चाला पुरेनासे झाले. मोटारसायकली स्वस्त झाल्यावर पोलिसांचे लक्षही सायकलवरून उठले.

आजचा मुख्य कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. त्याच्या कलम २(२८) नुसार यांत्रिक शक्तीवर चालणारे वाहनच मोटारवाहन ठरते, म्हणजे साधी सायकल त्याच्या कक्षेबाहेर. परवाना नाही, नोंदणी नाही, विमा नाही. वाहतूक चिन्हे पाळण्याचे कर्तव्य सांगणारे कलम ११९ सुद्धा ‘मोटारवाहनाच्या चालका’ला उद्देशून आहे. नंबरप्लेट नसल्याने ई-चलन निघत नाही. सायकलस्वार पूर्ण मोकळा आहे असा याचा अर्थ लावणे चूक ठरेल. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, म्हणजे जुन्या दंडविधानातील २७९, कोणतेही वाहन हयगयीने चालवणाऱ्याला लागू होते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. व्यवहारात ते सायकलस्वाराला क्वचित लावले जाते. त्यामुळे बेशिस्त सायकल आणि गंभीर गुन्हा यांच्या मधला जो मोठा टापू आहे, छोटा दंड, समज, प्रशिक्षण यांचा, तो जवळपास रिकामा आहे. चालकांना हेच डाचते, आणि त्यात तथ्य आहे.

चालकांसाठी नियमांची उणीव नाही. २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या मोटार वाहन (चालन) विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग अशा दुबळ्या घटकांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर टाकले आहे. सायकल मार्गावर मोटार नेण्यास बंदी जुन्या १९८९ च्या नियमांतही होती. परंतु सायकलला ओलांडताना किती अंतर ठेवायचे, हे मीटरमध्ये कुठेच दिलेले नाही. ‘पुरेसे’ अंतर म्हणजे किती, हे चालकाच्या घाईवर ठरते.

दोन्ही बाजूंच्या नियमभंगाला एकाच तराजूत तोलता येत नाही, याचे कारण साधे भौतिकशास्त्र आहे. सायकल आणि स्वार मिळून ७२ किलो, वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर गतिज ऊर्जा सुमारे ६२५ ज्यूल होते. एक टनाची छोटी मोटार ताशी ६० ने जात असेल, तर ती सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल, म्हणजे दोनशे पटींहून अधिक. भरलेल्या ट्रकचा हिशोब करण्याची गरज नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत सायकलस्वार जवळपास ३ टक्के होते, पादचारी सुमारे एक-पंचमांश, तर दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून अधिक. सायकलस्वाराने सिग्नल मोडला तर जीव बहुधा त्याचाच जातो. मोटारचालकाने मोडला तर तो दुसऱ्याचा जातो.

अपघात झाल्यावर रस्त्यावर जमणारी गर्दी हा हिशोब आपल्या पद्धतीने करते. ‘मोठ्या गाडीची चूक’ हा महाराष्ट्रातल्या रस्त्यांचा अलिखित नियम आहे. सायकलवाला उलट्या बाजूने आला होता का, हे विचारले जात नाही. गाडीवाल्याने दवाखान्याचा खर्च द्यायचा, चाकाचे आऊट काढून द्यायचे, आणि प्रकरण जागेवर मिटवायचे. यात खडबडीत का होईना एक न्याय आहे, कारण ज्याच्याकडे इजा करण्याची ताकद जास्त त्याच्यावर जबाबदारी जास्त. पण त्यात मारहाणीची भीतीही आहे, आणि त्या भीतीने चालक पळतो. कायद्यालाही ती ठाऊक आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ मध्ये जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य सांगताना जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसल्यास सूट दिली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातात मृत्यू घडवून न कळवता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी देशभर चाके थांबवली. थांबलो तर मार आणि पळालो तर तुरुंग, असे त्यांचे म्हणणे होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, पण हे उपकलम वगळून.

न्यायाधिकरणात चित्र वेगळे असते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ खाली पूर्ण भरपाई मागायची तर चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि सायकलस्वाराची स्वतःची चूक सिद्ध झाली तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कापली जाते. विमा कंपनीचे वकील बत्ती नव्हती, राँग साइड होती, हे मुद्दे याचसाठी लावून धरतात. लहान मुलाच्या बाबतीत न्यायालये अशी सहदोषाची कपात करायला सहसा तयार होत नाहीत. चूक न पाहता मिळणारी भरपाई कलम १६४ मध्ये आहे, मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. गाडी सापडलीच नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार अनुक्रमे दोन लाख आणि पन्नास हजार. ग्रामीण भागात या दाव्यांपर्यंत पोचण्याआधीच बरीच प्रकरणे जागेवर मिटवली जातात. दवाखान्याचे बिल नंतर वाढते, तेव्हा गाडीवाल्याचा फोन लागत नाही.

माणसे नियम का मोडतात, याचा अभ्यास बाहेर बराच झाला आहे. अमेरिकेतील वेस्ली मार्शल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी नियम मोडल्याचे कबूल केले, मग तो चालक असो, पादचारी असो वा सायकलस्वार. फरक कारणात होता. चालक आणि पादचारी मुख्यतः वेळ वाचवायला नियम मोडत होते, तर सायकलस्वारांनी सर्वांत जास्त वेळा स्वतःची सुरक्षितता हे कारण दिले. फलटणच्या साइडपट्टीवर उतरणे टाळणाऱ्या स्वाराला हे नवीन वाटणार नाही. अर्थात आपण सांगतो ती कारणे नेहमी खरी असतात असे नाही. चौकात हिरवा दिवा लागायची वाट न पाहणारा प्रत्येक जण जीव वाचवायलाच निघालेला नसतो.

या निरीक्षणातून काही ठिकाणी कायदाच बदलला गेला. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलस्वाराला थांब्याच्या पाटीपाशी पूर्ण न थांबता, वाट मोकळी असल्यास हळू करून पुढे जाता येते. पॅरिसने ठरावीक चौकांत लाल दिव्यावर सायकलला उजवीकडे वळण्याची मुभा दिली. नेदरलँड्सने जबाबदारी उलटी केली. तिथे मोटार आणि सायकलच्या धडकेत अटळ परिस्थिती सिद्ध न झाल्यास भरपाईचा भार मोटारमालकावर येतो आणि चौदा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर जवळपास पूर्णच. तपशील बाजूला ठेवले, तर ‘मोठ्या गाडीची चूक’ हेच तत्त्व तिथे लेखी आणि विम्याच्या आधाराने आले आहे, मारहाण वगळून. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून अधिक इजा करू शकणाऱ्यावर अधिक जबाबदारी, अशी उतरंड घातली आहे. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सांगितले आहे, आणि दोघांनी शेजारी चालवणे चूक नाही हेही स्पष्ट केले आहे. फलटणच्या शाळकरी मुलांच्या चार-चारच्या रांगेला मात्र तिथेही परवानगी मिळाली नसती.

महाराष्ट्रात भर राहिला तो वेगळ्या मार्गिकांवर. सायकलींचे शहर म्हणून एकेकाळी ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने बीआरटी या जलद बससेवेच्या मार्गांबरोबर सायकल मार्ग बांधले आणि २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. ते मार्ग तुटक निघाले. कुठे बसथांबा, कुठे रोहित्र, कुठे विक्रेते, आणि कोंडी झाली की दुचाकीस्वार त्यांवरूनच पुढे. मार्ग असूनही सायकलस्वार मुख्य रस्त्यावर येतो, आणि चालक त्याला ‘तुझा रस्ता तिकडे आहे’ असे सुनावतो. अपुरी सोय नसलेल्या सोयीपेक्षा कधी कधी जास्त भांडणे लावते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकल, दुचाकी आणि ट्रॅक्टर यांना बंदीच आहे. तो उपाय फलटणच्या रस्त्यांना लागू होऊ शकत नाही, कारण तिथे रस्त्याला लागून रान आहे आणि दुसरी वाट नाही. पालखी मार्गाच्या आराखड्यात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी पदपथ धरले आहेत. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांतून पालखी आषाढात काही दिवसांत निघून जाते. उरलेले अकरा महिने त्या पट्ट्यांवर सायकलींना जागा द्यायची की नाही, हे ठरवणे चौपदरीकरणाच्या तुलनेत फार स्वस्त आहे. ते ठरवले नाही तर तिथे टपऱ्या आणि उभी वाहने येतील.

सायकल आणि मोटार यांतली रेषा आता पुसटही होत चालली आहे, आणि त्यात फलटणचा वाटा आहे. येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी सुधारित पायडल रिक्षा, मोटारीची जोड असलेली रिक्षा आणि पूर्ण विजेवरची रिक्षा अशा तीन आवृत्त्या विकसित केल्या. २००२ मध्ये त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. पायडलला मोटारीची जोड दिली की वाहन कोणत्या कायद्यात बसते, हा प्रश्न तेव्हा मोकळाच होता. विजेच्या रिक्षांना मोटार वाहन कायद्यात स्पष्ट जागा २०१५ च्या दुरुस्तीने मिळाली. विजेच्या सायकलींसाठी केंद्रीय नियमांत २५० वॅटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरची कमाल गती अशी मर्यादा आहे. तिच्या आत असलेले वाहन सायकलसारखे मोकळे, वर गेले तर परवाना, नोंदणी, विमा सर्व काही लागते. दुकानात घेतल्यावर वेगमर्यादा काढून टाकलेली सायकल रस्त्यावर नजरेने ओळखता येत नाही.

बिनमोटारी वाहनांसाठी नियम करण्याचा स्पष्ट अधिकार राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मिळाला. कलम १३८(१अ) नुसार रस्त्यांवरील सायकली, बैलगाड्या आणि पादचारी यांचा वावर राज्य सरकार नियमित करू शकते, आणि राष्ट्रीय महामार्गासाठी ते महामार्ग प्राधिकरणाशी विचारविनिमय करून करायचे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन प्रकरणात सर्व राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. हे नियम शहरातल्या सिग्नलवर नजर ठेवून लिहिले गेले, तर फलटणच्या गवळ्याला बत्ती नसल्याचा दंड होईल आणि ट्रॉलीला ओलांडणाऱ्या मोटारीने किती अंतर सोडायचे हा प्रश्न तसाच राहील. पालखी मार्गावर दुभाजकातील मोकळ्या जागा कुठे असाव्यात, पदपथाची पट्टी सायकलला वापरता येईल का, आणि गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यांवर रात्री वेग किती असावा, हे तिन्ही प्रश्न त्या नियमांत घेता येण्यासारखे आहेत.